फेसाळ लिंबू-संत्रे सरबताचा इतिहास : जबलपूर, मध्य प्रांत आणि ‘विलायती पाणी’

१. प्रस्तावना

पेल्यात संत्र्याचा रस, अर्धे लिंबू, थोडा साखरेचा पाक, चिमूटभर काळे मीठ, बर्फाचे दोन खडे आणि वरून थंडगार सोडा. हॉटेलच्या मेनूकार्डावर या पेयाला ‘सिट्रस मॉकटेल’ असे नाव असते आणि किंमतही नावाला शोभेशी असते. घरी केले तर पाच मिनिटांत होते. मॉकटेल म्हणजे मद्य नसलेले कॉकटेल. शब्द नवा वाटला तरी पेय नवे नाही. लिंबू-सोडा, गोटी सोडा, मसाला सोडा या नावांनी आपण ते फार पूर्वीपासून पीत आलो आहोत.

या टिपणात आपण या पेल्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणार आहोत. पेल्यातले फळ कोठून आले, फेस कोठून आला, आणि हे दोन्ही आपल्याकडे कसे एकत्र आले, हे तीन प्रश्न आहेत. त्यांच्या मागे एक चौथा प्रश्न आहे आणि तोच महत्त्वाचा आहे : हे पाणी पिण्याजोगे आहे, यावर पिणाऱ्याने विश्वास का ठेवावा? आज फेस ही चवीची आणि शोभेची बाब वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या भारतात मात्र फेसाला दुसरे काम होते. बाटली उघडताना फस्स आवाज झाला, म्हणजे ती भरल्यापासून कोणी उघडलेली नाही, याची ती खूण होती. सोडावॉटर आपल्याकडे रुजले ते मुख्यतः ‘विश्वासाचे पाणी’ म्हणून. हा विश्वास कोणाला परवडत होता आणि कोणाला नाकारला जात होता, हे पाहिले की एका साध्या सरबतातून त्या काळाचा समाज दिसू लागतो.

२. जबलपूर का?

जबलपूर आज मध्य प्रदेशातले शहर आहे. त्याचा मराठी इतिहासाशी संबंध जुना आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा हा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. १८६१ मध्ये ‘मध्य प्रांत’ स्थापन झाला तेव्हा नागपूर त्याची राजधानी झाली आणि जबलपूर एका विभागाचे मुख्य ठिकाण. तेव्हापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रशासनाखाली होते. कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेचे नोकर अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली, ती याच काळात.

आपल्या विषयासाठी या शहराच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, येथे लष्करी छावणी होती. १९०४ मध्ये तोफगाडे बनवणारा कारखानाही येथे सुरू झाला. दुसरी, हे रेल्वेचे मोठे संगमस्थान होते. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ मध्ये जबलपूरपर्यंत आली. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मार्च १८७० मध्ये तिला येथे मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता हा रेल्वेप्रवास सलग झाला. तिसरी गोष्ट म्हणजे सातपुड्यापलीकडच्या संत्र्याच्या पट्ट्याशी असलेले नाते. छावणी, जंक्शन आणि फळबाग या तिन्हींचा संबंध असलेल्या गावात फेसाळ सरबताची गोष्ट सांगणे सोयीचे जाते.

३. फळाची बाजू

लिंबूवर्गीय फळांच्या अनेक जाती मूळच्या भारताच्या ईशान्येकडील डोंगराळ भागात आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशात विकसित झाल्या. आपल्या भाषेत त्यांची नावे किती आहेत ते पाहा : लिंबू, ईडलिंबू, म्हाळुंग, जंबेरी, पपनस, नारिंग, संत्रे, मोसंबी. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीत ‘नारंज’ झाले आणि युरोपात जाऊन इंग्रजी ‘ऑरेंज’ झाले. सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना लिमू, तुरुंज, संगतरा अशी कितीतरी लिंबूवर्गीय फळे वेगवेगळी नोंदवली आहेत. या फळांच्या रसाचे सरबत आपल्याकडे नवे नव्हते. पाणी थंड करण्याच्या युक्त्याही होत्या. मातीची सुरई तर होतीच. शिवाय सोरा विरघळलेल्या पाण्यात भांडे फिरवून आतले पाणी गार करण्याची रीत अकबराच्या काळात अबुल फजलने नोंदवली आहे.

नागपूरच्या संत्र्याची कथा त्या मानाने अलीकडची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून कलमे आणून नागपुरात लावली, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे नागपूर आणि अमरावती जिल्हे, तसेच आजच्या मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा हा मराठी भाषक सीमाभाग, असा संत्र्याचा पट्टा तयार झाला. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि हे फळ दूरच्या बाजारांत जाऊ लागले. जबलपूरशी नागपूर सिवनीमार्गे जाणाऱ्या सडकेने जोडलेले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा अरुंद रुळांचा मार्गही झाला. २०१४ मध्ये ‘नागपूर संत्रा’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

या फळाचे दोन गुण आपल्या पेयाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे त्याचा हंगाम. संत्र्याला दोन बहार धरतात. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे मे महिन्यात, जबलपूरचे ऊन चाळिशीच्या पुढे जाते तेव्हा, संत्रे बाजारातून जवळजवळ गेलेले असते. उन्हाळ्याचे फळ लिंबूच. म्हणून आपल्याकडे सोड्याची पक्की जोडी लिंबाशी जमली.

दुसरा गुण म्हणजे कडवटपणा. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडू होतो. बिया, साल आणि पांढऱ्या पापुद्र्यातील घटकांपासून लिमोनिन नावाचे द्रव्य हळूहळू तयार होते, हे त्याचे कारण. नागपुरी संत्र्यात हा दोष ठळक आहे. त्यामुळे त्याचा रस घरी काढून लगेच पिण्यास उत्तम. कारखान्यात साठवण्यास अवघड. बाटलीत मिळणाऱ्या नारिंगी रंगाच्या पेयांनी हा प्रश्न सोपा करून टाकला : रसाऐवजी सुगंध आणि रंग घातला. आजही अशा बाटल्यांवर ‘यात फळ नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. संत्र्याच्या मुलखातही ‘ऑरेंज’ मागितले की अनेकदा संत्रे नसलेले पेय हाती येते.

४. वायूची बाजू : एक बरोबर औषध, एक चूक औषध

काही झऱ्यांचे पाणी नैसर्गिकरीत्या फेसाळ असते आणि युरोपात ते औषधी मानले जाई. असे पाणी कृत्रिम रीतीने करण्याचा मार्ग जोसेफ प्रिस्टली या इंग्रज धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने शोधला. लीड्स येथे तो मद्य आंबवण्याच्या कारखान्याशेजारी राहत होता. पिंपांवर साठणाऱ्या जड वायूवर त्याने १७६७ मध्ये प्रयोग सुरू केले. या वायूला तेव्हा ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव होते. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १७७२ मध्ये प्रिस्टलीने आपली कृती पुस्तिकेच्या रूपाने छापली. खडूवर गंधकाम्ल टाकायचे, निघणारा वायू पाण्यात घुसळायचा, अशी ती कृती होती. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. पैसा मिळवला तो जिनिव्हाच्या याकोब श्वेपने. त्याने दाबाचा पंप वापरून १७८३ च्या सुमारास फेसाळ पाण्याचा धंदा उभारला आणि १७९२ मध्ये तो लंडनला नेला.

प्रिस्टलीला हे पाणी कशासाठी हवे होते? लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, दात पडत, माणसे मरत. वायूमिश्रित पाण्याने हा रोग टळेल, असे त्याला वाटत होते. १७७२ मध्ये कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीबरोबर त्याचे उपकरण पाठवण्यात आले. हा तर्क चुकीचा होता. स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि वायूत ते नसते. खरे उत्तर त्याआधीच हाती आले होते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागण्यास १७९५ साल उजाडले.

लिंबू आणि सोडा हे दोन्ही एकाच रोगावरचे उपाय म्हणून पुढे आले होते. त्यातला एक बरोबर होता, दुसरा चूक. चूक ठरलेला उपाय तरीही टिकला, कारण तोवर लोकांना त्याची चव लागली होती. वस्तू ज्या हेतूने जन्मते त्याच हेतूने ती टिकते असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे टिपून ठेवावे.

‘सोडा’ या शब्दाबद्दलही एक खुलासा हवा. सुरुवातीच्या काळात या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, घालत. त्यावरून ‘सोडावॉटर’ हे नाव पडले. पुढे नुसता वायू भरलेल्या पाण्यालाही तेच नाव राहिले. मराठीत तर धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि पिण्याचा सोडा असे तिन्ही ‘सोडा’च आहेत.

५. विलायती पाणी

यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशात सोडावॉटरचे हिंदुस्थानी नाव नोंदले आहे : ‘बिलायती पानी’. विलायती चिंच, विलायती कापड तसे विलायती पाणी. ज्या देशात नद्या, विहिरी, तळी आहेत तेथे पाणीही विलायती असू शकते, ही कल्पनाच त्या काळाबद्दल बरेच सांगते.

याचे मोठे कारण कॉलरा हे होते. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नोने कॉलऱ्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडून दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कोखने कलकत्त्यात त्याच्या जंतूचा अभ्यास करून हे निदान पक्के केले. छावण्यांमध्ये सैनिक लढाईपेक्षा रोगांनी अधिक मरत, त्यामुळे पिण्याचे पाणी हा लष्करी प्रश्न होता. बंद बाटलीतले सोडावॉटर हा त्यावरचा एक उपाय समजला जाई. त्यात काही तथ्यही होते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल होते आणि कॉलऱ्याचे जंतू आम्लात फार काळ तग धरत नाहीत. पण पाणी उकळल्याने जसे निर्जंतुक होते तसे वायू भरल्याने होत नाही. घाण पाण्यापासून केलेला सोडा घाणच राहतो. म्हणून बर्फ आणि सोडावॉटर तयार करणाऱ्यांवर छावण्यांच्या आणि नगरपालिकांच्या नियमांनी परवान्याचे बंधन आले. जबलपुरात १८८० च्या दशकात खंदारी जलाशयातून नळाचे पाणी आले. नळ आणि सोड्याची बाटली ही एकाच भीतीला दिलेली दोन उत्तरे होती. एक सार्वजनिक, दुसरे विकत घेण्याचे.

बर्फाची कथाही अशीच आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याचे, अमेरिकेतील गोठलेल्या पाण्यातून कापलेल्या बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला पोचले. पुढच्या वर्षापासून मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला तसा हा व्यापार संपला.

सोडावॉटरचा धंदा भारतीय हातांत आला त्यात पारशी आणि इराणी कुटुंबांचा वाटा मोठा आहे. मुंबईत पालनजी (१८६५) आणि दिनशाजी पांडोळ यांची ड्यूक्स (१८८९), पुण्याच्या लष्कर भागात अर्देशीर (१८८४) ही त्यातली नावाजलेली नावे. छावणी किंवा बंदर जेथे, तेथे सोडा फॅक्टरी, असा त्याचा नकाशा दिसतो. छावणीतले गिऱ्हाईक साहेब होते. हळूहळू वकील, कारकून, विद्यार्थी आणि शेवटी बाजारहाटाला आलेला शेतकरीही गिऱ्हाईक झाला.

६. गोटीची बाटली

वायू भरलेले पाणी कोंडून ठेवणे सोपे नसते. बूच सुकले की आकसते आणि वायू निघून जातो. यासाठी एके काळी तळ गोल असलेल्या बाटल्या वापरत. त्या उभ्या राहत नसत, आडव्याच ठेवाव्या लागत, म्हणून बूच सतत ओले राही. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने वेगळीच युक्ती पेटंट केली. बाटलीच्या मानेत एक काचेची गोटी आणि तोंडाशी रबराचे कडे. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूच्या दाबाने गोटी रबरावर घट्ट बसते. दाबच बुचाचे काम करतो. उघडताना लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची. ती मानेतल्या चिमटीत अडकते आणि ओतताना पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून तेथे दोन खोबण्या असतात. मराठीत याला सोडा ‘फोडणे’ म्हणतात.

१८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचे दातेरी झाकण शोधले आणि पाश्चात्त्य देशांत गोटीची बाटली मागे पडली. जपानमध्ये ती ‘रामुने’ या पेयासाठी टिकली. हा शब्द ‘लेमोनेड’चाच जपानी उच्चार आहे. भारतात ती टिकण्याचे कारण आर्थिक होते. बाटली पुन्हा पुन्हा भरता येई, दर वेळी नवे झाकण लागत नसे आणि हाताने फिरवायच्या साध्या यंत्रावर एखादे कुटुंब धंदा चालवू शके. उत्तर भारतात या बाटलीला ‘बंटा’ म्हणतात. दंगलीच्या बातम्यांत ‘सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या’ हे वाक्य ठरलेले असे. दाबाखाली असलेली जाड काच किती धोक्याची असते, ते त्यावरून कळते. अलीकडे ही बाटली आठवणींचा माल म्हणून परतली आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेने ‘गोली पॉप सोडा’ या नावाने तिच्या निर्यातीचा प्रचार केला.

७. कोणाच्या हातचे पाणी?

आता चौथ्या प्रश्नाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या भारतात पाणी स्वच्छ आहे का, याआधी ते कोणाच्या हातचे आहे, असे विचारले जाई. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी सोय असे. जबलपूरसारख्या जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या प्रवाशाला तहानेबरोबर हा प्रश्नही सोडवावा लागे.

सुधारकांनी म्हणूनच खाण्यापिण्याला हात घातला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खाऊन आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन आपण जातिबंधन मानत नाही हे दाखवावे लागे. सभा गुप्त होती. सभासदांची नावे फुटल्यावर ती विसकटली. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह अनेक मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. नावे छापून आली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहा दोन वर्षे पुण्याला पुरला.

या पार्श्वभूमीवर सोड्याच्या बाटलीकडे पाहा. ती कोणी भरली हे दिसत नाही. पाणी, वायू आणि यंत्र यांच्यामध्ये भरणाऱ्याचा हात लपून जातो. ते ‘पाणी’ की ‘औषध’ की ‘सरबत’, यावरही वाद घालता येतो. विटाळ मानणाऱ्या माणसालाही जगाबरोबर चालण्यासाठी अशी पळवाट हवीच होती. शिवाय बाटली परत जाई, धुतली जाई, पुन्हा भरली जाई आणि दुसऱ्याच कोणाच्या हाती पडे. ज्यांचे पाणवठे वेगळे होते, त्यांच्या हातांतून एकच बाटली फिरत असे.

पण हे चित्र रंगवताना थांबले पाहिजे. पळवाट होती ती विटाळ मानणाऱ्यासाठी. ज्याला अस्पृश्य ठरवले होते त्याचा प्रश्न वेगळा होता : त्याला पाणी देणार कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीवजा लेखनात १९०१ मधला लहानपणचा प्रवास सांगितला आहे. वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. कपडे नीटनेटके होते, खिशात पैसे होते, जवळ फराळही होता. जात कळल्यावर गाडीवान मिळणे कठीण झाले. दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकत जावे लागले. वाटेत रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही. डबा असूनही मुले उपाशी झोपली. पैसा असला की बाजारात सगळे सारखे, या समजाला हा प्रसंग मोठा धक्का देतो. वस्तू विकत मिळण्यासाठी विकणाराही तयार असावा लागतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांनी आणि हजारो अनुयायांनी पाणी प्राशन केले, तेव्हा मागणी बंद बाटलीची नव्हती. सर्वांच्या पाण्यावर सर्वांच्या हक्काची होती.

८. घरी करताना

घरी फेस निर्माण करण्याची हौसही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सधन युरोपीय घरांत ‘गॅसोजीन’ नावाचे उपकरण असे. काचेचे दोन गोळे एकावर एक. खालच्यात पाणी, वरच्यात टार्टारिक आम्ल आणि खाण्याचा सोडा. पूड वेगळ्या गोळ्यात राही आणि फक्त वायू पाण्यात जाई. गोळे फुटण्याचा धोका असल्याने त्यांवर तारेची किंवा वेताची जाळी असे.

पूड वेगळी का ठेवत, हे साध्या हिशेबाने कळते. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यापासून साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे पाव लिटरहून थोडा अधिक वायू निघतो. बाजारातल्या सोड्यात पाण्याच्या आकारमानाच्या सुमारे तीन ते चार पट वायू असतो. २०० मि.ली.च्या पेल्यात तेवढा वायू आणायचा तर, काहीच वाया न जाता, दोन ते तीन ग्रॅम सोडा लागेल. त्यातून दिवसभरात घ्यावयाच्या सोडियमच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच पेल्यात येईल. शिवाय एका लिंबाच्या रसातले आम्ल पाव चमचा सोडाच संपवतो. उरते ते खारट, बेचव पाणी. म्हणून सरबतात खाण्याचा सोडा घालायचाच असेल तर अगदी चिमूटभर. खरा फेस हवा तर वायू भरलेले पाणी वेगळे आणावे. आम्ल आणि सोड्याचे मिश्रण काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नये.

कृती अशी : दोन संत्री सोलून, बिया आणि पांढरा पापुद्रा काढून रस काढावा; साधारण ६० मि.ली. पुरे. साल दाबून पिळू नये, कडवटपणा उतरतो. त्यात अर्ध्या लिंबाचा रस, दोन-तीन चमचे पाक आणि चिमूटभर काळे मीठ घालून ढवळावे. बर्फ घालून वरून १२० मि.ली. थंड सोडा पेल्याच्या कडेने सोडावा आणि एकदाच हलवावे. मीठ आधी घालायचे, कारण ते सोड्यावर टाकले की त्याच्या कणांभोवती वायूचे बुडबुडे झपाट्याने तयार होतात आणि पेला उतू जातो. गाड्यावरचा मसाला सोडा उसळतो तो यामुळेच. उन्हाळ्यात संत्र्याऐवजी मोसंबी किंवा नुसते लिंबू घ्यावे.

सोडा थंडच का? वायू पाण्यात किती विरघळतो हे दाब आणि तापमान यांवर ठरते. दाबाचा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. शून्य अंशाजवळ पाणी जितका कार्बन डायऑक्साइड धरते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ते चाळीस अंशांना धरते. जबलपूरच्या मे महिन्यात कोमट सोडा उघडला की निम्म्याहून अधिक फेस पेल्याबाहेरच्या हवेत जातो.

आणि पाण्याचा प्रश्न घरातही सुटत नाही. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. म्हणून बर्फासाठीही उकळून गार केलेले किंवा नीट शुद्ध केलेले पाणीच घ्यावे. कारखान्याच्या बाटलीवर आज २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा परवाना क्रमांक असतो. घरच्या पेल्यावर शिक्का नसतो. तेथे हमी करणाऱ्याचीच असते.

९. सारांश

फेसाळ लिंबू-संत्रे सरबतात तीन इतिहास एकत्र येतात. फळ आपल्या भूमीतले. मध्य भारतात संत्र्याच्या बागा भोसलेकालीन परंपरेतून आणि रेल्वेच्या बाजारातून वाढल्या. वायूचे तंत्र युरोपातले. ते चुकीच्या वैद्यकीय तर्कातून जन्मले आणि छावणी-रेल्वेच्या वाटेने येथे आले. तिसरा इतिहास पाण्यावरच्या विश्वासाचा. कॉलऱ्याच्या भीतीने आणि विटाळाच्या कल्पनेने बंद बाटलीला किंमत आली. पण त्या बाटलीने पाण्याचा सामाजिक प्रश्न सोडवला नाही; तो सार्वजनिक नळावर आणि तळ्यावरच लढावा लागला.

स्वाध्याय

१) ‘विलायती पाणी’ या शब्दप्रयोगातून वसाहतकालीन समाजाबद्दल काय समजते?
२) गोटीची बाटली पाश्चात्त्य देशांत मागे पडली पण भारतात टिकली. कारणे लिहा.
३) पंचहौद प्रकरण (१८९०) आणि महाड सत्याग्रह (१९२७) यांत ‘पिणे’ या कृतीचा अर्थ कसा बदलतो, ते स्पष्ट करा.
४) आपल्या गावातील जुन्या सोडा फॅक्टरीची किंवा सोडाविक्रेत्याची माहिती घ्या. पाणी कोठून येई, बाटल्या कोण धुई, गिऱ्हाईक कोण होते आणि कोण नव्हते, या मुद्द्यांवर दोन पानी टिपण तयार करा.